चार बोटं पाणी

पोट्टेहो, रडारड पुरे. तू तो डबा घेऊन ये, आणि तू ते पिंप लोटत लोटत आण सपरीत. दोन रोपं मेली, कबूल. पण कशानं मेली हे पाहिल्याशिवाय उकिरड्यावर टाकायची नाहीत.

धाकटीची मिरची चहाच्या पत्र्याच्या डब्यात होती, वीतभरही उंच नसलेल्या. थोरल्याला लहान काही चालत नाही, म्हणून त्यानं अर्धं कापलेलं डिझेलचं पिंप आणलं आणि त्यात बोटाएवढी तुळस लावली. बुडाला भोकं दोघांनीही पाडली होती, मीच खिळा दिला होता. माती एकाच जागची, आपल्या मागच्या धानाच्या बांधीतली. पाणी रोज, न चुकता. आता नवतपा लागलाय, बाहेर 45 अंश ऊन आहे, म्हणून दोघंही म्हणता रोपं उन्हानं मेली. मला नाही पटत. डबा उलटा कर पाहू. हळू.

दिसलं? वरची दोन बोटं माती विटेसारखी टणक, भेगाळलेली. आणि खाली? गाळ. नाक लाव त्याला. सडक्या अंड्याचा वास येतो की नाही? मुळं पहा, पांढरी हवीत, ती काळी आणि लिबलिबीत झालीत. आता पिंपात हात घाल, कोपरापर्यंत. तिथंही तेच. बाहेर एवढं ऊन, आणि ही दोन्ही रोपं बुडून मेलीत!

धाकटी म्हणते, माती खराब आहे. नाही बाई. याच मातीत गेल्या साली बांधावर तूर उभी होती, तुझ्या डोक्याच्या वर. पावसाळाभर आभाळ फाटल्यासारखं पाणी पडतं आपल्याकडं, पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढतं आणि भामरागड चार-चार दिवस बेट होऊन बसतं, तरी बांधावरची तूर बुडून मरत नाही. मग तीच माती डब्यात भरली की रोप बुडवते, हे कसं? डब्याला तर भोकं आहेत. पाणी खाली जायला मोकळं.

याचं उत्तर तुमच्या आजीच्या दोरीवर वाळत पडलंय. पहा तिकडं. ते लुगडं धुऊन टाकलं त्याला तास झाला असेल. वरचा भाग वाळला, मधला वाळत आला, आणि खालचा काठ? अजून ओला. हात लावा. पाणी काठापर्यंत उतरलं आणि तिथं थांबलं. आता खाली जमिनीपर्यंत मोकळी हवा आहे, कुणी अडवलेलं नाही, तरी ते सुटून पडत नाही. धाग्याधाग्यांतल्या बारीक फटींनी ते धरून ठेवलंय. वरून अजून पाणी आलं, वजन वाढलं, तर एखादा थेंब पडेल. पण शेवटचा तो ओला पट्टा राहतोच.

मातीही अशीच. कणांच्या मध्ये फटी असतात आणि त्या पाणी ओढून धरतात. फट जेवढी बारीक, तेवढी ओढ जास्त. एक मिलिमीटर रुंद काचेची नळी पाण्यात उभी धरली तर पाणी आपोआप तीन सेंटिमीटर वर चढतं. नळी दहा पट बारीक घ्या, तर 30 सेंटिमीटर. अमेरिकेत एडगर बकिंगहॅम नावाचा एक भौतिकशास्त्रज्ञ होता. त्यानं 1907 साली मातीच्या या ओढीला गणितात बसवलं. त्याआधीही कुंभाराला आणि शेतकऱ्याला ती ठाऊक होतीच, फक्त आकडा नव्हता.

पण नुसतं सांगून तुम्ही ऐकणारे नाही. चला, कोयता आणा.

मानवेल नको, तो आतून जवळजवळ भरीव असतो. कटांग बांबू घ्या, त्याला पोकळी चांगली असते. तीन नळ्या कापू. एक वीतभर, एक दीड वीत, एक हातभर. आत पेराचा पडदा असेल तर सळईनं फोडून टाका. आता प्रत्येक नळी उभी चिरून दोन फाका करा, पुन्हा जुळवा, सुतळीनं आवळा आणि फटीवर मधाच्या पोळ्याचं मेण दाबा. नंतर ती पेटीसारखी उघडायची आहे, म्हणून हा खटाटोप. बुडाला जुन्या धोतराचा तुकडा बांधा. आत इंद्रावतीची वाळू भरा, तिन्हींत एकाच चाळणीतून काढलेली. आणि दोरीनं आड्याला टांगा. टांगायच्याच, जमिनीवर टेकवायच्या नाहीत. का, ते पुढं सांगतो.

आता पाणी ओता, बुडातून धार लागेपर्यंत. धारेचे थेंब होतील, थेंबही थांबतील. तोवर गुळाचा चहा होऊ द्या.

थांबले? उघडा पहिली नळी, वीतभराची. खालची वाळू चमकते आहे, बोट दाबलं की पाणी वर येतं. मोजा किती आहे ते. चार बोटं. वरची वाळू ओलसर आहे, पण तिच्यात हवा खेळते. आता हातभर नळी उघडा. पैज लावा, किती निघेल? थोरला म्हणतो दुप्पट. मोजा.

चार बोटं!

मधल्या नळीतही तेवढीच. यातच सगळी गंमत आहे. नळी केवढीही उंच असो, केवढीही रुंद असो, एका जातीच्या मातीत तळाशी साचणारं हे तळं सारख्याच उंचीचं असतं. ती उंची ठरवते मातीची फट, भांडं नव्हे. वाळूऐवजी बांधीची माती भरली असती तर तळं कितीतरी वर गेलं असतं, वीतभर नळी तर गळ्यापर्यंत बुडाली असती. बारीक खडी भरली असती तर जेमतेम एक बोट.

आता हिशेब कर धाकटे, तुला गणित आवडतं. चार बोटं म्हणजे आठ सेंटिमीटर धर. डबा 12 सेंटिमीटर उंच असेल तर तीनातले दोन वाटे पाण्याखाली गेले. मुळांना श्वास घ्यायला उरला एक वाटा. 24 सेंटिमीटरच्या कुंडीत तीच माती भरली तर दोन वाटे हवेशीर आणि एक वाटा तळं. माती एकच, पण एका भांड्यात ती दलदल आणि दुसऱ्यात बरी जमीन. म्हणून कुणी विचारलं की कुंडीसाठी माती कोणती चांगली, तर आधी उलट विचारायचं, कुंडी किती खोल आहे? लोक रुंदी पाहून कुंडी घेतात. तळ्याला रुंदीचं काही देणंघेणं नाही. परातीसारखी पसरट कुंडी दिसायला मोठी, पण तिची माती काठोकाठ भिजलेलीच राहते.

श्वास कसला, असं विचारतोस? मुळंही श्वास घेतात रे. पानं दिवसा प्राणवायू तयार करतात, पण मुळांपर्यंत तो बहुतेक मातीतल्या फटींतूनच पोचतो. फटीत हवा असेल तर भराभर येतो, पाणी असेल तर तिथून पुढं सरकायला त्याला सुमारे दहा हजार पट वेळ लागतो. मुळं गुदमरतात, मग हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. तो वास त्यांचा.

मग धान कसं जगतं चिखलात? बरोबर विचारलंस. धानाच्या मुळांत पोकळ वाटा असतात, पानातून घेतलेली हवा त्या नळ्यांतून थेट खाली उतरते. पऱ्हे उपटून रोवणी करतो तेव्हा एखादं मूळ आडवं कापून भिंगाखाली धरून पहा, भोकं दिसतात. आपण चिखलणी करतो तीच मुळी फटी बुजवायला, बांधीत पाणी ठरावं म्हणून. शेकडो वर्षं जी माती पाणी सोडू नये म्हणून तुडवली, तीच तुम्ही मिरचीला दिलीत. मिरचीच्या मुळात ती नळी नाही.

आता बांधावरच्या तुरीचं कोडं. एक नळी पुन्हा जुळवा, वाळू भरून टांगा. तिच्यात पुन्हा पाणी घाला. थेंब थांबले की तिचं बूड या मातीच्या ढिगावर टेकवा, नीट दाबून. थोडा वेळ जाऊ द्या. उघडा. कुठं गेलं तळं? खालच्या कोरड्या मातीनं ओढून घेतलं. लुगड्याचा काठ जमिनीला टेकला तर पाणी असंच पाझरून जातं, आणि काठाला एखादा धागा लोंबत असला तरी त्याच्या टोकावरून टपटपतं. जमीन म्हणजे तो लोंबता धागा, दहा-वीस हात खोल. तुरीखालच्या मातीलाही तळं असतं, पण ते त्या धाग्याच्या पार खालच्या टोकाला. कुंडीचा धागा वीतभरात तुटतो.

शिवाय जमिनीत गांडुळं आहेत, वाळवी आहे, मेलेल्या मुळांची बिळं आहेत. ती मातीचे बारीक कण जोडून रवाळ करतात, मोठ्या फटी उघड्या ठेवतात. डब्यात त्यांपैकी कुणी नाही. वरून रोज लोट्यानं पाणी आपटलं की रवे फुटतात आणि दोन महिन्यांत माती बसते.

हां, आता तुमची आत्या काय सांगते? कुंडीच्या बुडाला खापऱ्यांचा आणि खड्यांचा थर द्या, पाणी निघून जातं. भामरागडच काय, मुंबई-पुण्यालाही हेच सांगतात. चुकीचं आहे, आणि मी स्वतः वीस वर्षं तसं केलंय. मातीच्या बारीक फटीतलं पाणी खड्यांच्या मोठ्या फटीत उतरायला तयारच नसतं. खड्यांची ओढ कमी, मातीची जास्त, मग ते कशाला जाईल? माती पुरती भिजून जड झाल्यावर मगच जातं. म्हणजे तळं नाहीसं झालं नाही, चार बोटं खड्यांच्या डोक्यावर येऊन बसलं. मुळांची जागा तेवढी गेली. भोकावर एकच खापरी ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून. बस.

त्यापेक्षा भोकातून सुताची जाड दोरी ओवून हातभर खाली लोंबत ठेवा. लोंबता धागा! तळं थोडं उतरतं. करून पहा.

तर मग मोठं भांडं घ्यावं, झालं काम, असं थोरल्याला वाटलं होतं. त्याचं पिंप तर कमरेएवढं. तळं खाली, तुळस वर. मग ती का मेली? कारण रोप बोटाएवढं होतं. त्याची मुळं वरच्या मूठभर मातीत, ती पिणार किती, तर घोटभर. बाकी घमेलीच्या घमेली माती नुसती भिजून पडलेली, रोज वरून आणखी पाणी. लहान लेकराच्या पत्रावळीवर परातभर भात वाढला तर ते खाईल चार घास, उरलेला आंबणारच. पिंपाऐवजी तू ती आधी वीतभर कुंडीत लावायची होती, मुळं कडेला लागली की एक माप मोठी. आणि एवढंच हौसेचं पिंप भरायचं असलं तर एकदम दाणगं झाड लाव त्यात, नाहीतर चार-सहा रोपं एकत्र, म्हणजे प्यायला तोंडं पुरेशी होतील.

लहान डब्याची दुसरी खोड आणखी वाईट. सकाळी पाणी घातलं की तो बुडतो, आणि दुपारी तोच तहानेनं मरतो. भांड्याची रुंदी आणि उंची दोन्ही दुप्पट केली तर माती आठ पट मावते, पण ज्या अंगानं ऊन लागतं ते अंग चौपटच होतं. म्हणजे लहान भांड्यातल्या मुठीमुठीला ऊन दुप्पट लागतं. त्यात पत्र्याचा डबा! या उन्हात हात लावून दाखव. मुळं चाळीस अंशांच्या आसपास गेली की बहुतेक झाडांची वाढ थांबते. मातीची कुंडी माठासारखी अंगातून पाणी सोडते, म्हणून गार राहते, पण त्याच कारणानं लवकर सुकते. मातीच्या कुंडीत माती जरा ओल धरणारी चालते, पत्र्याच्या नि प्लास्टिकच्या भांड्यात ती मोकळीच हवी.

आणि खत. लहान डब्यात पाणी वारंवार घालावं लागतं, त्याबरोबर खताचा अंश वाहून जातो. कमी कमी पाणी घातलं तर वाहत नाही, पण मग पाण्यातला क्षार साठतो, कडेला पांढरा पट्टा चढतो. म्हणून लहान डब्याला खत चिमूटभर पण वरचेवर, मोठ्या कुंडीला मूठभर पण क्वचित. पाणी घालाल तेव्हा बुडातून निघेपर्यंत घाला, आणि मग डबा उचलून हलका लागेपर्यंत पुन्हा घालू नका. बोट खुपसून कळत नाही, वजनानं कळतं.

हे सगळं मला आधीच माहीत होतं असं समजू नका. हेमलकशाला बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला ते 1973 साल. मी त्यानंतर काही वर्षांनी नर्सरीत मजुरीला लागलो. तेव्हा आपला गडचिरोली जिल्हा नव्हताच, सगळं चंद्रपुरात. 1982 च्या ऑगस्टात वेगळा झाला. काम काय, तर प्लास्टिकच्या काळ्या पिशव्या भरायच्या. जंगलातली पालापाचोळ्याची माती, नदीची वाळू आणि शेणखत, तिन्ही चाळून. चाळायचा कंटाळा फार. एका उन्हाळ्यात पिशव्या भरून घ्यायचं काम माझ्याकडं होतं. वाळूला बैलगाडी मिळेना आणि शेजारीच बांधी होती. मी म्हटलं, काळी कसदार माती आहे, हिला काय धाड भरली? भरल्या पिशव्या बांधीच्या मातीनं. आवळ्याची रोपं उगवली, बोटभर झाली आणि ओळीच्या ओळी पिवळ्या पडल्या. साहेब आले. एक पिशवी उचलली, फाडली, तिचं बूड माझ्या नाकाखाली धरलं. बोलले काही नाहीत. तोच वास, जो तुम्ही आत्ता घेतला. वीतभराच्या पिशवीत मी वीतभर तळं भरलं होतं.

दुसऱ्या साली मी हुशारी केली, चिकणमातीत दोन-चार घमेली वाळू टाकली. तेही फसलं. थोडी वाळू चिकणमातीत बुडून जाते, फटी उघडत नाहीत, वर वाळलं की वीट तयार. वाळूचा कण वाळूच्या कणाला टेकला पाहिजे, म्हणजे निम्म्याहून जास्त वाळू हवी. म्हणून आता मी चिकणमातीच टाळतो. काय करतो सांगू? एक वाटा जंगलातली माती, एक वाटा जाडी वाळू किंवा विटेचे वाटाण्याएवढे तुकडे, एक वाटा पुरतं कुजलेलं शेणखत, आणि लहान डबा असेल तर वर एक वाटा अर्धवट जाळलेलं धानाचं तूस. राइस मिलच्या मागं ढीग पडलेला असतो, कुणी पैसे मागत नाही. डबा जेवढा उथळ, तेवढं तूस नि वाळू जास्त. हातभर खोल कुंडी असेल तर माती वाढवा, तिला परवडतं. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, ते प्रयोग परिवारवाले, गच्चीवरच्या शेतीत माती कमी आणि कुजवलेला पाचोळा जास्त वापरायला सांगत. लोकांना वाटे गच्चीवर वजन नको म्हणून. वजन तर कमी होतंच, पण फटीही मोठ्या राहतात. फक्त पाचोळा कुजून खाली बसतो, म्हणून दरसाल भर घालावी लागते.

पिशवीची आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र मातीनं सुटत नाही. मूळ सरळ खाली जातं, बुडाला अडतं, मग कडेकडेनं फिरत राहतं. रोप जमिनीत लावल्यावरही ते फिरायचं सोडत नाही, आणि झाड मोठं झालं की वाऱ्यानं उलथतं. यावर लोकांनी आतून उभ्या कडा असलेले प्लास्टिकचे साचे काढले, रूट ट्रेनर म्हणतात. कडेला लागलेलं मूळ सरळ खाली उतरतं, बुडाच्या भोकातून हवेत डोकावतं आणि तिथंच वाळतं. टोक वाळलं की मागून नवी मुळं फुटतात. साचे मांडवावर अधांतरी ठेवायचे, जमिनीला टेकवायचे नाहीत. आपल्या नळ्यांसारखंच, पण उलट कारणासाठी.

आणि एक झाड असं आहे की त्यानं भांड्याची कटकटच मिटवली. साग. आलापल्लीला जाताना ते मोठे साग पाहिलेत ना, दोघांच्या कवेत न मावणारे? सागाचं मुख्य मूळ पहिल्याच वर्षी एवढं खोल धावतं की पिशवीत त्याची जिलबी होते. म्हणून आम्ही बी वाफ्यावर पेरायचो. वर्षभराचं रोप उपटायचं, वरचं सगळं खोड छाटायचं, दोन-तीन सेंटिमीटर ठेवायचं. खालचं मूळ वीतभरावर तोडायचं, बाजूच्या मुळ्या तासायच्या. हातात उरते अंगठ्याएवढी जाड काडी. ती सागजडी. ना पान, ना माती, ना कुंडी. पोत्यात शेकड्यानं बांधून न्यायची. पहिला चांगला पाऊस पडला की पहारीनं भोक पाडायचं, जडी घालायची, टाचेनं दाबायचं. पंधरा-वीस दिवसांत कोंब. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे लोक सरपण पुरताहेत.

उन्हं उतरली. थोरल्या, पिंपातली माती बांधीत परत टाक, ती तिथलीच आहे. धाकटे, मिरचीचं बी अजून आहे माझ्याकडं, पण डबा हा नाही चालणार, तो तेलाचा पंधरा किलोचा उंच डबा घे. आणि उद्या सकाळी दोघंही घमेलं घेऊन इंद्रावतीवर जा. जाडी वाळू आणायची, धुवून, गाळ काढून. आठ-पंधरा दिवसांत पाऊस लागेल, आणि एकदा नदी फुगली की दिवाळीपर्यंत वाळू मिळायची नाही.